नकली तिजोरीचा चोरखटका

१२ जानेवारी, रविवार

ही वही आजपासून. जुनी अजून अर्धी कोरी आहे, पण ती शिवम्मा वाचते असा मला दाट संशय आहे. मागच्या महिन्यात मी तिच्यात लिहिलं की हल्ली भाजीत मीठ फार पडतंय, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर घरात सगळं अळणी. विचारलं तर म्हणे डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते सांगेना. म्हणून ही वही वर्कशॉपमध्ये वेल्डिंग रॉडच्या डब्यात राहणार. बायकोचा हात तिथवर जात नाही.

लिहायला कारण असं की आज प्रणितानं एक ऑर्डर आणली आणि ती मला सरळ वाटत नाही. प्रणिता माझी धाकटी मुलगी. डिप्लोमा झाल्यापासून वर्कशॉपची ड्रॉइंगं तीच काढते. जेवताना म्हणाली, आप्पा, तिजोरीचं काम आलंय. मला आनंदच झाला. आमच्या घरात तिजोऱ्या आजोबांपासून. निजामाच्या राज्यात बीडपासून जालन्यापर्यंतच्या व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या त्यांच्या हातच्या. आता गेवराईत लोक शटर, गेट आणि उसाच्या ट्रॉल्या याखेरीज काही मागत नाहीत. केवढी तिजोरी, असं मी विचारलं तर म्हणे तिजोरी नाही, नुसतं दार. गोल, माणसापेक्षा उंच, मधे चाक आणि कडेनं मनगटाएवढ्या खिट्ट्या. एका सिनेमात बँक लुटतात, त्यात होतं तसंच्या तसं.

"आन् त्या दाराच्या मागं काय?" मी विचारलं.

"मागं काही न्हाई आप्पा. मागं कावून काही पायजे?"

दार आहे आणि खोली नाही. मी जेवण अर्धवट टाकलं नाही, पण घास गोड लागला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. प्रणितानं फोटो आणि मापं आणली. जालना रोडच्या बाजूला ती बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे, तिथं म्हणे सिनेमावाले येणार. बँकेचा सेट लावणार. मूळ दार मुंबईत कुठल्यातरी गोदामात आहे, पण ते आता कडेकडेनं उखडलंय, इथवर आणलं तर वाटेतच मोडेल. म्हणून दुसरं, त्याच मापाचं.

फोटो भिंगातून बघितले. एका ठिकाणी रंग उडालाय आणि आतून प्लायवूड दिसतंय. म्हणजे मूळ दारही खोटंच. मला खोट्याची नक्कल करायला सांगतायत. मी विचारलं, ऑर्डर कुणाच्या नावानं? पावती कुणाची? मालक कोण? प्रणिता तिळगूळ आणायला आत गेली ती बाहेरच आली नाही.

एक इथंच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं विसर पडायला नको. मला दोन मुली. थोरली रोहिणी सहा वर्षांमागं पुण्याला चित्रकलेच्या कोर्सला गेली आणि तिकडंच कुणाशी तरी लग्न करून मोकळी झाली. आमच्यातला नाही एवढं कळलं. त्याचं नाव मी विचारलं नाही, आणि कुणी सांगायला लागलं तर उठून गेलो. घरात तिचं नाव निघत नाही. तेव्हाही अशीच सुरुवात होती. मी काही विचारलं की ती काहीतरी आणायला आत जायची. तेव्हा मी बेसावध राहिलो. दुसरी मुलगी अशी जाऊ द्यायची नाही. दार होवो न होवो, माझं लक्ष प्रणितावर आहे.

१९ जानेवारी, रविवार

जिनिंगवर जाऊन आलो. कुणाला सांगितलं नाही; ट्रॉलीचं माप घ्यायला चाललो म्हणालो. खरं बघायचं होतं की हे सिनेमावाले आहेत की कुणी बँक फोडायची तालीम करतायत. आजकाल काही सांगता येत नाही.

आत दहाबारा माणसं भिंती उभ्या करत होती. मी एका संगमरवरी खांबाला टिचकी मारली तर पोकळ. सगळं प्लाय, त्याच्यावर रंग. इतका हुबेहूब की दुसऱ्यांदा टिचकी मारल्याशिवाय राहवलं नाही. रंगवणाऱ्यानं मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. अनोळखी माणसाला एवढा मान कशासाठी? म्हणाला, बाबा, बाई म्हणाल्यात म्हातारे गृहस्थ आले तर बसवून घ्या. कोण बाई, तर म्हणे सेटच्या बाई. मी येणार हे त्या बाईंना कसं कळलं? मी तर घरी ट्रॉली सांगितली होती.

चहा बिनसाखरेचा होता. मी बिनसाखरेचाच पितो.

२३ जानेवारी, गुरुवार

काम सुरू केलं. हातात घेतलेलं काम मी टाकत नाही, आणि दार आपल्या वर्कशॉपमध्ये राहिलं तर माणसंही डोळ्यांसमोर राहतात.

सेटवाल्यांचा माणूस आला. भारत नाव. तिशीतला, दाढी राखलेली, बोलायला गोड. आल्याबरोबर वाकून पाया पडला. गिऱ्हाईक पाया पडायला लागलं की समजावं, काहीतरी हवंय. म्हणाला, काका, फार जड करू नका, ओरिजिनल तर प्लाय आणि थर्माकोलचं आहे. मी त्याला सांगितलं की या वर्कशॉपमधून आजवर थर्माकोल बाहेर पडलेलं नाही. शेवटी असं ठरलं की सांगाडा स्क्वेअर पाइपचा, वरून पातळ पत्रा, आत पोकळ. बिजागरीला मी ट्रॅक्टर ट्रॉलीच्या चाकाचा जुना हब लावणार. हे त्याला काही कळलं नाही, नुसता हो हो म्हणत होता.

खिट्ट्या नुसत्या दिसायला चिकटवायच्या आणि चाक नुसतं गोल फिरायचं, असं त्याचं म्हणणं. मी बंकटकडं बघितलं, बंकटनं माझ्याकडं. बंकट माझा वेल्डर, बरीच वर्षं माझ्याकडं आहे. तो म्हणाला, "आप्पा, हे दार लावून चोर थांबायचा कसा? बाजूनं तर समदं मोकळंच हाय की." भारत हसायला लागला. त्यात हसण्यासारखं काय होतं?

२ फेब्रुवारी, रविवार

दहा दिवस पत्रा वाकवण्यातच गेले. गोल काम वेळ खातं. दार आता शेडमध्ये उभं आहे. कडं, चाक, सगळं बसलंय, रंग व्हायचाय. बघायला रोज माणसं येतात. एकानं विचारलं, आप्पा, हे कुठल्या बँकेचं? मी म्हणालो, कुठल्याच नाही. तो डोळा मारून गेला. आता गावभर होईल.

संशयाच्या गोष्टी तीन. एक: प्रणिता आणि भारत. तो आला की दोघं दाराच्या पलीकडं जाऊन बोलतात. दार एवढं मोठं की मला नुसते पाय दिसतात. दोन: शिवम्मा. भारत निघाला की ती एक पिशवी देते. काल पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची बाटली होती. घरात मला तूप मोजून मिळतं. कशासाठी, विचारलं तर म्हणे बाहेरगावची माणसं आहेत, हॉटेलचं खाऊन पोट बिघडतं. तीन: माझा जुना निळा सदरा सापडत नाही. सदऱ्याचा या बाकीच्याशी काही संबंध नसेल, पण लिहून ठेवलेलं बरं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज शिवम्मा भाकरी थापताना आपणहून म्हणाली, त्या भारतला बायको आहे म्हणे, सुखी संसार आहे. मी तिला काही विचारलंच नव्हतं. प्रणिताविषयीचा माझा संशय मी फक्त इथं लिहिला होता.

आता प्रत्येक पानात लोखंडाचा चिमूटभर कीस टाकून वही मिटणार. कुणी उघडली तर कीस सांडलेला दिसेल.

बायको आहे म्हणून काय झालं? बायको असलेली माणसं सरळ असतात असं कुठं आहे?

९ फेब्रुवारी, रविवार

कीस जागच्या जागी होता. मग शिवम्माला कळलं कसं? की कीस सांडून पुन्हा भरला? वर्कशॉपमध्ये किसाला काय तोटा.

भारत आज रंग घेऊन आला. ब्रशनं पितळेचा रंग असा मारला की मलाच वाटलं आतून पितळ आहे. हात चांगला आहे माणसाचा. काम चालू असताना मी पत्रा धरून ठेवला होता, तो खाली बसून कड रंगवत होता, आणि बोलता बोलता म्हणाला, "आप्पा, जरा डावीकडं." आजवर काका म्हणत होता. मी म्हणालो, आप्पा मला घरचे म्हणतात. त्याचं तोंड एकदम उतरलं. सॉरी काका, म्हणाला. मला उगीच वाईट वाटलं. पण लक्षात ठेवलं.

दुपारी फोनवर कुणाशी तरी बोलत होता, वर्कशॉपच्या मागं, तुरीच्या काड्यांपाशी. "नाही गं, अजून काही नाही. पण परवा चहा दोन वेळा विचारला मला," असं काहीतरी. मी चहा विचारला याची बातमी कुणाला द्यायची असते?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शिवम्माचं बबिताकडं जाणं वाढलंय. बबिता म्हणजे शेजारची. तिला नातू झालाय म्हणून शिवम्मानं कुंची शिवायला घेतली, झबली शिवली. दुपारी जाते ती दिवे लागायला येते. आज आली तर खांद्यावर दुधाचा ओघळ. बबिताकडं म्हैस आहे, त्यामुळं असेल.

चेहरा मात्र उजळलाय तिचा. मधली काही वर्षं ती बोलताबोलता थांबायची, भिंतीकडं बघत बसायची. आता कामात गुणगुणते. बायको खूश दिसली की बरं वाटायला पाहिजे. मला वाटलं, पण कारण कळल्याशिवाय पुरतं वाटेना.

संध्याकाळी बबिताचा नवरा भेटला. नातवाचं अभिनंदन केलं तर माझ्या तोंडाकडं बघत राहिला. माणूस कमी ऐकतो हल्ली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रणितानं आज सांगितलं की दार गेलं की ती पण पंधरा दिवस सेटवर कामाला जाणार. आणि त्यांना काम आवडलं तर पुढच्या सिनेमाला मुंबईला. भारतसोबत. हे मला बसवून, समोर पाणी ठेवून सांगितलं. रोहिणीच्या वेळेला एवढंही नव्हतं, हे कबूल. उठून वर्कशॉपमध्ये आलो आणि दार पुसत बसलो.

पुसता पुसता ठरवलं.

आमच्या घराची एक रीत आहे. आमच्या हातची तिजोरी चोरखटक्याशिवाय बाहेर पडत नाही. किल्ली, चाक, सगळं ज्याचं त्याच्या जागी असतं, पण एक लपलेला खटका असा असतो की तो दाबल्याशिवाय दार हलत नाही. तो कुठं आहे ते बनवणाऱ्याला ठाऊक, आणि तिजोरी सोपवताना मालकाच्या कानात सांगायचं. एकट्या मालकाच्या, आणि कानातच. कागदावर लिहायचं नाही, निरोप धाडायचा नाही, आता फोन आलेत तर फोनवरही नाही. आजोबा त्यासाठी बैलगाडीनं हिंगोलीला गेल्याचं वडील सांगायचे.

तर आज बंकटला चहा आणायला पिटाळलं आणि या खोट्या दारात खरा चोरखटका बसवला. खिट्ट्याही खऱ्या केल्या, चाकाला जोडल्या. पहिल्यांदा दार पूर्ण दाबून लावलं की खटका बसेल, आणि मग माझ्याशिवाय उघडणार नाही. दार नेतील, मुलगी नेतील, पण उघडायला माझ्या दारात यावंच लागेल. तेव्हा मी विचारीन, मालक कोण ते समोर आणा.

कुठं बसवला ते इथंही लिहीत नाही. हे काम करताना बॅटरी धरायला कुणीतरी लागतं, आत अंधार असतो. पूर्वी होतं कुणीतरी. हातभर उंचीची होती तेव्हापासून बॅटरी धरायची, जांभई आली तरी उजेड हलू द्यायची नाही. आज मी बॅटरी दातात धरली. लाळ गळत होती, दोनदा स्क्रू पडला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कीस जागेवर आहे, पण मी टाकला होता त्याहून जास्त आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दार गेलं. न्यायला वाळूचा टिपर आणला होता. ताडपत्री टाकून, दोरखंडानं आवळून. हायवेच्या चौकात म्हणे पोलिसांनी वाळू समजून थांबवलं, ताडपत्री वर केली आणि आत तिजोरीचं दार बघून त्यांना प्रश्न पडला की आता हे कुठल्या खात्यात बसवायचं. बंकट सोबत होता, त्यानं येऊन सांगितलं. त्या निमित्तानं हसलो तेवढंच.

जाताना मी भारतला रीत सांगितली. खटका सांगितला नाही, नुसतं म्हणालो की आमच्याकडं मालकाच्या कानात एक गोष्ट सांगायची असते, मालक कुठं आहेत? तो खाली बघून म्हणाला, काका, मालक येतील, थोडं थांबा. का थांबायचं? मालक मला घाबरतात का? टिपरवर चढवण्याआधी दार एका बोटानं फिरतंय हे बघून मात्र तो खरोखर खूश झाला. ट्रॉलीचा हब आहे, फिरणारच.

शेड रिकामं दिसतंय. प्रणिताही टिपरमागं स्कूटी घेऊन गेली. संध्याकाळी परत आली, पण आली तोवर मी चार वेळा रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवरात्र. आज सकाळी उपास सोडायला बसलो आणि प्रणिताचा फोन. ती पहाटेच सेटवर गेली होती. रडत होती. दार लागलंय, उघडत नाही, सगळं शूटिंग खोळंबलंय, लोक ओरडतायत, भारतची नोकरी जाईल, आप्पा लवकर या.

खरं लिहितो. मला आधी आनंद झाला. म्हणालो, फोनवर सांगणार नाही, मालकाला बसवून ठेव. मग तिचं रडणं आठवून लाज वाटली आणि घाईघाईनं सदरा चढवला. बाहेर आलो तर शिवम्मा तयार. शिवरात्रीची नवी साडी, हातात पिशवी. म्हणालो, तू कशाला? म्हणाली, साडीची घडी अजून मोडली नव्हती, तेवढंच फिरणं. रिक्षावाला दारात उभा होता. मी तर बोलावला नव्हता.

जिनिंगवर शुकशुकाट. कॅमेरे प्लास्टिकखाली झाकलेले. दोघं कॅरम खेळत होते. कुणी ओरडत नव्हतं. खोळंबलेलं शूटिंग असंच असत असेल. मधोमध माझं दार, घट्ट लागलेलं, दोन्ही बाजूंना संगमरवरी भिंत. लांबून बघितलं आणि क्षणभर विसरलो की ते मी बनवलंय. एवढं भारदस्त. प्रणिता पुढं आली. डोळे कोरडे होते. बंकटही तिथं आधीच येऊन उभा, पायांकडं बघत.

मी भारतला म्हणालो, रीत सांगितली होती. मालक पाहिजे.

"मालक पलीकडं आहेत," तो म्हणाला.

"कशाच्या पलीकडं?"

"दाराच्या, काका."

मी दारापाशी गेलो. हात ठेवला. पातळ पत्रा, मीच लावलेला, आवाज आरपार येतो. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आप्पा."

सहा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मागून हाक मारली असती तर कदाचित मी तसाच चालत रिक्षापर्यंत गेलो असतो. इथं पुढं दार होतं आणि हात दारावर होता, तो उचलला जाईना. शिवम्मा मागं उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. खटका तिथंच होता, वीतभर अंतरावर. दाबला असता तर दार उघडलं असतं आणि काम संपलं असतं, कानात काही सांगायची गरज नव्हती. पण रीत ती रीत. मालकाला सांगितल्याशिवाय मी उघडू शकत नव्हतो.

मग दिसलं ते बंकटनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाजूनं समदं मोकळंच. खोटी भिंत दहा हातांवर संपत होती आणि तिला टेकू म्हणून वाळूची पोती लावली होती. मी वळसा घालून पलीकडं गेलो.

रोहिणी उभी होती. केस कापलेत, चष्मा लागलाय. कडेवर मूल. मुलाच्या डोक्यावर कुंची, आणि कुंचीचं कापड माझ्या निळ्या सदऱ्याचं. मला सदरा सापडला.

बोलायचं काय ते मला ठाऊकच नव्हतं. पण एक गोष्ट सांगायचीच होती आणि ती कानातच सांगायची होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. डाव्या कानामागं तो जुना व्रण अजून आहे, लहानपणी पत्रा लागला होता तो. मी तिला सांगितलं खटका कुठं आहे.

तिनं मान वळवली आणि माझ्या कानात म्हणाली, "म्हाईत हाय आप्पा. बॅटरी मीच तर धरायचे."

मग पोरगी माझ्याकडं दिली, न विचारता, जसं काही रोजचंच आहे, आणि दाराच्या पोकळ पाठीतून हात घालून खटका दाबला. एका झटक्यात. दार फिरलं. पलीकडं सगळे उभे होते, शिवम्मा पदर तोंडाला लावून रडत होती आणि हसतही होती. पोरीनं माझ्या गळ्यातला इष्टलिंगाचा शिवदारा मुठीत पकडला तो सोडेना. मला रडू आलं. बंकटनं तोंड फिरवलं. कुणी विचारलं असतं तर मी ग्राइंडरची ठिणगी म्हणालो असतो, पण तिथं ग्राइंडर नव्हता आणि कुणी विचारलंही नाही.

भारत पाया पडला. त्याला म्हणालो, रंग चांगला मारतोस, पण वेल्डिंग शिकून घे.

२ मार्च, रविवार

तीन दिवस विचार करतोय. आता सगळं लागलं.

प्रणिताला आज सहज विचारलं की शूटिंग कधी सुरू होणार. म्हणाली दहा तारखेला. बोलून गेली आणि जीभ चावली. म्हणजे गुरुवारी शूटिंग नव्हतंच. खोळंबलं काय मग? आणि रोहिणीला खटका ठाऊक होता तर दार सकाळपासून बंद का राहिलं? दाबून उघडता आलं असतं. उघडलं नाही, कारण मग मी आलो नसतो. आणि दारात चोरखटका आहे हे तरी तिला कुणी सांगितलं? ते फक्त या वहीत होतं.

सेट खोटा, दार खोटं, रडणं खोटं, बबिताचा नातू खोटा. मी इतक्या जणांवर संशय घेतला आणि नेमका यावर घेतला नाही. आधी राग आला. राग आणायचा दुपारपर्यंत प्रयत्नही केला, पण पोरीनं शिवदारा धरला होता त्या जागी मान अजून दुखतेय, आणि ते दुखणं चांगलं वाटतंय.

प्रणिता त्यांच्यासोबत मुंबईला जायचं म्हणते. मी अजून हो म्हणालेलो नाही. तिच्यासाठी पाने, हातोडी, गुण्या असं सगळं नव्या पेटीत भरून ठेवलंय. पेटीला चोरखटका नाही. मुद्दाम बसवला नाही.

रोहिणी गुरुवारी पोरीला आणि जावयाला, म्हणजे भारतला, घेऊन घरी येणार आहे. मुक्कामाला.

शिवम्मा, इथवर वाचलं असशीलच. मला कळलंय हे पोरींना सांगू नकोस; त्यांना वाटू दे की आप्पा फसले. कीस जास्त टाकू नकोस, पानं काळी होतात. तुझ्यावर रागावलो नाही. तू एवढी वर्षं त्या भिंतीकडं का बघत बसायचीस ते मला ठाऊक होतं, पण वळसा घालायचं मला सुचलं नाही. गुरुवारी शिरा कर. रोहिणीच्या वाट्यात वेलची घालू नकोस, तिला आवडत नाही.